दुपारी वारा फिरला की विंडसर्फिंगचा बोर्ड किनाऱ्याला का लागत नाही

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. बारा-साडेबाराला पाण्यात उतरलो, वारा बेताचा होता, बोर्ड सरळ चालला. दोनच्या सुमाराला वारा भरला, मजा आली. तीननंतर मात्र जिथून निघालो तिथे परत येणं जमेना. शीड हातातून ओढ घेतंय, बोर्ड तिरका वाहत चाललाय, मधेच वारा गळून पडतोय, आणि अखेर बोटीला दोरी बांधून यावं लागलं. पुढच्या सुट्टीला पुन्हा तेच. मग ठरतं की शीड मोठं होतं. लहान शीड आणलं जातं, आणि लहान शीड लावूनही परत येता येत नाही, कारण बिघाड तिथे नव्हताच.

ज्यांना शीड पाण्यातून उचलून उभं राहता येतं, टॅक करून, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून, वळता येतं आणि हार्नेसची, म्हणजे शिडाची ओढ कंबरेवर घेणाऱ्या पट्ट्याची, सवय नुकती लागते आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. उदाहरणं दोन जागांची घेतो, गोव्यातलं दोना पावल आणि मुंबईची गिरगाव चौपाटी. दोन्हीकडे हा त्रास एकाच कारणाने होतो. दोन्ही ठिकाणी पश्चिमेला समुद्रात घुसलेलं एक उंच टोक आहे, तिकडे काबो, इकडे मलबार हिल, आणि दोन्ही टोकांवर राज्यपालांचं निवासस्थान आहे. जागा निवडणाऱ्यांनी वारा खायला मिळावा म्हणून ती निवडली असेल, पण टोकापलीकडच्या पाण्यात त्याच वाऱ्याचे तुकडे होतात.

‘वारा बदलला’ असं आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी बदललेल्या असू शकतात. वाऱ्याचा जोर, वाऱ्याची दिशा, आणि बोर्डाखालचं पाणी. तिघांचा परिणाम वरवर सारखाच दिसतो, किनारा दूर जातो. इलाज मात्र तिघांचे वेगळे आहेत, काही बाबतीत तर एकमेकांच्या उलटे. म्हणून शिडाला हात लावण्याआधी यातलं नेमकं काय बदललं ते ओळखा.

ही दुपार कशी घडते

कोकण किनाऱ्यावर सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा तिची जागा घ्यायला येते. हे खारे वारे. मतलई थांबून खारा वारा सुरू होईपर्यंत मधे काही वेळ पाणी अगदी निपचित पडतं. मग पश्चिमेला क्षितिजाजवळ पाण्यावर एक काळसर पट्टा दिसतो आणि तो हळूहळू किनाऱ्याकडे सरकतो. तो पट्टा म्हणजे बारीक लाटांनी खरखरीत झालेलं पाणी, म्हणजेच वारा. तीन-चारच्या सुमाराला तो भरात असतो आणि सूर्यास्ताकडे उतरतो. फेब्रुवारी ते मे हा त्याचा खरा मोसम. जूनमध्ये पावसाळी समुद्र सुरू झाला की विषयच संपतो.

यातली एक गोष्ट नवशिक्याला सहसा कोणी सांगत नाही. खारा वारा दुपारभर एका दिशेला राहत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या गोलार्धात वाहती हवा उजवीकडे वळते. त्यामुळे बाराला पश्चिमेकडून आलेला वारा तीनपर्यंत वायव्येकडून येऊ लागतो. हे अचानक होत नाही, दोन-तीन तासांत सावकाश होतं, म्हणून पाण्यात असलेल्याला ते जाणवत नाही.

मोबाईलवरच्या अंदाजात हे थोडंफार दिसतं, टेकडी मात्र दिसत नाही. युरोपीय हवामान केंद्राचं जे मॉडेल अनेक ॲप वापरतात त्याची जाळी साधारण ९ किलोमीटरची आहे. काबोचं टोक किंवा मलबार हिल त्या जाळीतून गळून जातं. ॲपने दाखवलेले १४ नॉट (ताशी सुमारे २६ किलोमीटर) खुल्या समुद्रावरचे असतात, तुमच्या खाडीतले नसतात.

आधी दिशा तपासा

माझ्या मते परत न येता येण्याचं मोठं कारण दिशा हेच आहे, आणि सगळ्यात कमी तपासलं जातं तेही हेच.

दोना पावलचा किनारा ढोबळमानाने दक्षिणेला तोंड करून आहे, समोर झुआरी नदीचं मुख, पलीकडे मुरगाव बंदर. बाराला वारा पश्चिमेचा असतो. तुम्ही दक्षिणेला निघता, वारा उजव्या कुशीवर. परत उत्तरेला येता, वारा डाव्या कुशीवर. जाणं-येणं दोन्ही सोपं, आणि आपल्याला सगळं येतं असा विश्वास बसतो. आता वारा वायव्येला सरकू द्या. दक्षिणेला जाताना तो उजव्या पाठीमागून येतो, त्यामुळे बोर्ड आणखी वेगाने, आणखी लांब जातो. उत्तरेला वळताच तोच वारा डावीकडून समोरून, ४५ अंशांवर येतो. शिडाचा कोणताही बोर्ड वाऱ्याच्या तोंडात याहून फारसा आत घुसू शकत नाही. म्हणजे तासाभरापूर्वी जो परतीचा सरळ रस्ता होता तो आता तुमच्या बोर्डाच्या क्षमतेच्या अगदी काठावर आहे. जराशी ढिलाई झाली की तुम्ही किनाऱ्याऐवजी बांबोळी-शिरदोणच्या बाजूला सरकता. शीड कुठलंही असो, हे गणित बदलत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. पाण्यात दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबा. अपहॉलची दोरी दोन्ही हातांनी धरून शीड पाण्याबाहेर काढा आणि मोकळं सोडा, बूमला (शीड धरायच्या आडव्या दांडीला) हात लावू नका. शीड फडफडत जिकडे टोक करतं तिकडे वारा चाललाय. त्या टोकाची रेघ किनाऱ्यावरच्या कुठल्या इमारतीकडे किंवा समोरच्या कुठल्या बोटीकडे जाते ते मनात ठेवा. पुढच्या वेळी ती रेघ हलली असेल तर वारा फिरला. गालाला वारा लागतो त्यावरून दिशा ठरवू नका. बोर्ड चालत असताना गालावर लागतो तो वारा आणि बोर्डाचा वेग यांची बेरीज असते, ती नेहमी खऱ्या वाऱ्यापेक्षा पुढून येते.

इलाजाची सुरुवात निघतानाच होते. पाण्यात उतरल्यावर पहिला अर्धा तास पश्चिमेकडे, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या बाजूला कमवा. सगळ्यांना सरळ खोल पाण्यात पळायचं असतं, पण आधी वर गेलात तर नंतर वारा फिरला तरी तुमच्याकडे देण्यासाठी काहीतरी शिल्लक असतं. निघालेल्या जागेच्या खाली, म्हणजे वारा वाहून नेतो त्या बाजूला, पहिल्या तासात एकदाही जायचं नाही, हा नियम मी शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आणि तरीही खाली गेलातच, तर परत कसं यायचं? वाऱ्याकडे जायचं म्हणजे नागमोडी. एक टप्पा उत्तरेला, एक टप्पा पश्चिमेला. कुठला आधी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वारा ज्या बाजूला सरकत जाणार आहे त्या बाजूला आधी जायचं. आपल्याकडे तो उजवीकडे, म्हणजे पश्चिमेकडून वायव्येकडे आणि कधी आणखी उत्तरेकडे सरकतो. म्हणून आधी उत्तरेचा, जमिनीकडचा टप्पा लांब घ्या. तोपर्यंत वारा आणखी फिरला की टॅक करा. आता पश्चिमेचा टप्पा मोकळा झालेला असतो, बोर्ड किनाऱ्याच्या कडेने घराकडे चालतो. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आधी पश्चिमेला लांब जातात, मग वारा फिरतो आणि उत्तरेचा टप्पा पार बिघडतो. जमिनीकडे आधी जाण्याचा दुसरा फायदा उघड आहे. काही बिनसलंच तर किनारा चालत येण्याइतका जवळ असतो.

वर चढताना सगळ्यात नडणारी सवय म्हणजे बोर्डाचं नाक जबरदस्तीने वाऱ्यात खुपसणं. आपण घराच्या दिशेला बघतो, नाक तिकडे वळवतो, वेग मरतो, आणि वेग मेला की फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाशी मागे असलेला पर, पाण्यात पकड सोडते. बोर्ड नाकाने किनाऱ्याकडे बघत असतो आणि आडवा भलतीकडे वाहत असतो. आधी थोडं खाली वळून वेग घ्या. वेग आला, फिनखाली पाणी भरलं, की मग हळूहळू वर. डॅगरबोर्ड (बोर्डाच्या मधल्या फटीतून पाण्यात सोडायची पाती) असेल आणि वारा हलका असेल तर तो पूर्ण खाली सोडा. त्याच्याशिवाय हलक्या वाऱ्यात वर चढण्याचा हट्ट म्हणजे निव्वळ दमणूक.

जोर वाढला असेल तर

शीड ओढतंय, मागचा हात भरून येतोय, बोर्डाचं नाक सारखं वाऱ्यात वळतंय, आणि पाण्यावर जागोजागी लाटांचे पांढरे तुरे दिसतायत. ही जोराची लक्षणं. पांढरे तुरे अधूनमधून दिसले तर वारा ७ ते १० नॉटच्या आसपास, सगळीकडे दिसले तर ११ ते १६, त्याच्या वर पाण्याचे तुषार उडायला लागतात. शिडावरचा दाब वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. १२ नॉटचा वारा १८ झाला तर वेग दीडपट, पण दाब सव्वादोनपट. वारा ‘थोडासाच’ वाढला तरी हात का भरून येतात ते यावरून कळेल.

तरीही शीड बदलण्याआधी त्याची बांधणी बघा. मागच्या मोसमात पुण्याहून आलेल्या एका मुलाचं ६.५ चौरस मीटरचं शीड वाळूत आडवं पडलं होतं. तीनचा वारा सोसेना म्हणून तो ५.५ जोडायच्या तयारीत होता. त्याच्या शिडाची मागची कड वरपासून खालपर्यंत ढोलकीच्या चामड्यासारखी ताठ होती. डाऊनहॉल, म्हणजे शीड मास्टवर (उभ्या खांबावर) खाली ताणणारी दोरी, पुरता ओढलाय, आता आणखी येतच नाही, असं तो म्हणत होता. मास्टच्या बुडाशी पाहिलं तर कप्पीवरून जाणाऱ्या दोरीचे दोन पदर एकमेकांवर चढले होते आणि मधे वाळू. सगळी ताकद त्या घासण्यात जात होती, शिडापर्यंत पोचतच नव्हती. दोरी काढून, कप्पी गोड्या पाण्याने धुऊन, पदर सरळ बसवून, पाय मास्टच्या बुडाला लावून पुन्हा ओढल्यावर डाऊनहॉल आणखी चार बोटं खाली आला. वरच्या दोन बॅटनच्या (शिडातल्या आडव्या पट्ट्यांच्या) मधली कड सैल पडली, हाताने हलवली तर डुलायला लागली. तेच शीड घेऊन तो पुन्हा पाण्यात गेला.

ही सैल पडलेली कड सगळं सांगते. झोत आला की शिडाचा वरचा भाग पिळला जाऊन जास्तीचा वारा सोडून देतो, आणि तुमच्या हाताला फक्त खालच्या भागाची ओढ लागते. कड ताठ असेल तर प्रत्येक झोत थेट तुमच्या खांद्यात येतो. आजकालच्या शिडांवर वरच्या बाजूला सैलपणा कुठपर्यंत यायला हवा याची खूण छापलेली असते. जमिनीवर शीड थोडं बिघडलेलं, सुरकुतलेलं वाटेपर्यंत ओढायचं असतं, आणि डोळ्याला हे पटत नाही म्हणून लोक आधीच थांबतात. आऊटहॉल, म्हणजे शीड बूमच्या मागच्या टोकाकडे ताणणारी दोरी, नंतर. वारा वाढल्यावर तो एक-दोन सेंटिमीटर आणखी ताणला की शिडाचं पोट सपाट होतं आणि ओढ पुढे सरकते. क्रम मात्र उलटा करू नका. डाऊनहॉल कमी ठेवून नुसता आऊटहॉल ताणला तर शीड सपाटही होत नाही आणि वाराही सोडत नाही.

एका शिडावर माणूस किती वाऱ्यात तग धरू शकतो याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आरएस:एक्स हा ऑलिंपिक प्रकार होता. २००८ पासून टोकियोपर्यंत तोच बोर्ड वापरला गेला. पुरुषांना ९.५ चौरस मीटरचं शीड, स्त्रियांना ८.५, आणि हलका वारा असो की जोरदार, शीड तेच. तिथे खेळाडू बदलायचे ते बाकी सगळं. डाऊनहॉल, आऊटहॉल, चालत्या बोर्डावर पुढे-मागे सरकणारा मास्ट ट्रॅक, वर-खाली होणारा डॅगरबोर्ड. आपल्या इबाद अलीने हांगझोऊ आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये याच प्रकारात कांस्यपदक मिळवलं. आपण त्याच्या तोडीचे नाही हे मान्य, पण तेच उपाय आपल्याही हाताशी आहेत, ते आधी वापरायला काय हरकत आहे?

डॅगरबोर्डाबद्दल एक गोष्ट. जोरात चालताना बोर्डाची वाऱ्याकडची कड वर उचलली जाते आणि बोर्ड उलटू पाहतो, अशी तक्रार हमखास येते. डॅगरबोर्ड खालीच राहिलेला असतो. वेगात तो पंखासारखा उचल देतो. पायाने वर सारा, संपलं. डॅगरबोर्ड नसलेल्या बोर्डाला हाच त्रास होत असेल तर फिन मोठी आहे. उलट, फिन लहान असेल तर मागचं टोक अचानक घसरून आडवं जातं. मास्टचं बूड ट्रॅकवर एक-दोन सेंटिमीटर पुढे घेतलं की खवळलेल्या पाण्यात नाक खाली बसतं. हार्नेसच्या दोऱ्या मागच्या हाताचा भार कमी होईल इतक्या मागे सरकवा. एक हात बूमवरून काढून बघा, दोन्ही हातांना सारखी ओढ हवी.

हे सगळं करूनही हात पंधरा मिनिटांत भरून येत असतील, तर मात्र शीड खरंच मोठं आहे. आता बदला.

मधेच वारा गायब होतो

वायव्येचा वारा टेकडीवरून घसरून खाडीत उतरतो तेव्हा टेकडीच्या पायथ्याशी आडोसा असतो, आणि तो आडोसा टेकडीच्या उंचीच्या दहा-वीस पट लांबीपर्यंत पसरतो. मलबार हिल साधारण ५० मीटर उंच आहे, वर उंच इमारती. म्हणजे चौपाटीच्या वाळूपासून अर्धा-एक किलोमीटरपर्यंत वारा एकसंध नसणार हे धरूनच चालायचं. पलीकडच्या मोकळ्या पाण्यात १६ नॉट, इथे ५, मधे एकदम २० चा झोत.

माणूस हवेत फेकला जातो तो याच पट्ट्यात. क्रम असा असतो. वारा पडतो, आपण हार्नेसमधून भार काढून सरळ उभे राहतो, दोर हुकातच असतो. मग झोत येतो, आपलं वजन मागे नसतं, आणि शीड आपल्याला घेऊन पुढे आपटतं. झोत सोसायचा असेल तर तो येण्याआधी दिसायला हवा. नजर बोर्डाच्या नाकावर ठेवू नका, वाऱ्याच्या दिशेने शंभर मीटर वर ठेवा. पाण्यावर काळपट डाग सरकत येताना दिसतो. तो पोचायच्या आधीच गुडघे वाकवून कंबर खाली घ्या, भार हार्नेसमध्ये सोडा. झोत लागला की शीड सोडून देऊ नका, किंचित मोकळं करा आणि बोर्ड चालायला लागला की पुन्हा ओढून घ्या. वारा पडणाऱ्या पट्ट्यात शिरताना मात्र हुक काढून ठेवलेला बरा.

हा पट्टा परतीच्या अगदी शेवटी येतो, म्हणजे आपण सगळ्यात दमलेले असताना. बाहेर मोकळ्या पाण्यावर सोसेल एवढंच शीड कमी केलं तर इथे ते अपुरं पडतं. लहान शीड लावून गेलेले लोक किनाऱ्यापासून दोनशे मीटरवर अडकून बसलेले दिसतात ते यामुळे. त्यासाठी माझा आग्रह असतो की शीड बदलायचंच असेल तर एकच आकार खाली या, दोन नको.

खालचं पाणी

वारा तोच, दिशा तीच, तरी आज परत येता येत नाही, काल येत होतं. तर भरती-ओहोटी बघा.

आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. गावागावाप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, नक्की वेळेसाठी बंदराचं भरतीचं वेळापत्रक आहेच. पण दुपारचा अंदाज बांधायला हा हिशेब पुरेसा आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास खाऱ्या वाऱ्याची सगळी दुपार ओहोटीची, आणि तीही उधाणाची, म्हणजे जोराची. अष्टमीच्या आसपास दुपारभर भरती, पण भांगाची, म्हणजे मंद. चतुर्थीला तीनपर्यंत भरती आणि मग पाणी फिरणार, द्वादशीला तीनपर्यंत ओहोटी आणि मग फिरणार. प्रवाह सगळ्यात जोरात असतो तो भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत.

झुआरीच्या मुखात ओहोटीचं पाणी पश्चिमेला, समुद्राकडे जातं, आणि वारा वायव्येकडून त्याच्या अंगावर येतो. दोघांची टक्कर होऊन पाणी आखूड, उभ्या लाटांनी भरतं. ते बघून लोक घाबरतात आणि म्हणतात, आज समुद्र वाईट आहे. वास्तविक तो प्रवाह तुम्हाला वाऱ्याच्या वरच्या बाजूला उचलून नेत असतो, परतीला मदत करत असतो. भरतीत उलटं. पाणी वाऱ्याबरोबर आत, पूर्वेला चाललेलं असतं, पृष्ठभाग सपाट दिसतो, बोर्ड छान घसरतो, आणि प्रत्येक फेरीत तुम्ही नकळत खाली जाता. सपाट पाण्याच्या दिवशीच जास्त लोक बांबोळीच्या बाजूला सापडतात. वारा पूर्ण पडला तर मात्र हिशेब उलटतो. तेव्हा ओहोटी धोक्याची, कारण ती खुल्या समुद्राकडे नेते.

प्रवाह ओळखायला मच्छीमारांची खूण वापरा. किनाऱ्यावरची एक जवळची आणि तिच्या मागची एक लांबची वस्तू एका रेषेत धरा, खांब आणि त्यामागचं घर, नारळ आणि त्यामागचा टॉवर. शीड खाली टाकून बोर्डवर बसा. दोन्ही खुणा एकमेकींपासून सुटायला लागल्या की तुम्ही वाहताय, कुठल्या बाजूला तेही कळतं. झुआरीत नांगरलेल्या बार्ज असतील तर काम आणखी सोपं. वारा फार नसेल तेव्हा त्यांचं नाक प्रवाहाच्या उलट दिशेला राहतं, आणि वरचं निशाण वाऱ्याबरोबर फडफडतं. एका नजरेत दोन्ही दिशा.

इलाज एवढाच की प्रवाह विरोधात असेल तर परतीचा रस्ता किनाऱ्याच्या कडेने, उथळ पाण्यातून धरायचा. तिथे प्रवाह मंद असतो. मधल्या खोल पाण्यात झगडायचं नाही.

पूर्वेला काळं आलं तर

वर जे काही सांगितलं ते खाऱ्या वाऱ्याच्या दुपारीसाठी. एप्रिल-मेमध्ये, आणि पाऊस परतताना ऑक्टोबरमध्ये, एक वेगळीच दुपार येते. सह्याद्रीवर ढग चढतात. साडेतीन-चारला, ज्या वेळी वारा भरात असायला हवा, त्याच वेळी तो अचानक ढिला पडतो. हवा कोंदट होते, पूर्वेचं आभाळ काळंनिळं दिसतं. थोड्या वेळाने जमिनीकडून एक गार झुळूक येते. ही गार झुळूक लागली की तुमच्या हातात फार थोडा वेळ आहे. तिच्यामागून वळवाच्या ढगातून खाली कोसळलेली हवा येते, काही मिनिटांत वारा दुपटी-तिपटीने वाढतो, आणि त्याची दिशा जमिनीकडून समुद्राकडे असते. सोबत विजा. उभा मास्ट घेऊन सपाट पाण्यावर असणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

इथे डाऊनहॉल, आऊटहॉल, टॅक काही नाही. वारा अवेळी पडला आणि पूर्वेला काळं दिसलं की त्याच क्षणी जवळच्या जमिनीकडे निघायचं, मग ती आपली वाळू असो वा नसो. गाडी उद्या आणता येते. हवामान खात्याचा विजांचा इशारा सकाळीच बघावा, आणि इशारा असेल त्या दिवशी खोल पाण्यात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेर सापडलातच तर बोर्ड सोडायचा नाही. किनारा पोहून जाण्याइतका जवळ वाटतो, पण जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यात तो अंदाज हमखास चुकतो, आणि एकट्या माणसाचं डोकं लाटांमध्ये बोटीवरून दिसत नाही. वारा माफक असेल तर रिग (मास्ट, बूम आणि शीड यांची जोडणी) बोर्डाच्या मागच्या भागावर ओढून घ्या, बूम बोर्डाच्या शेपटीवर आणि मास्ट आडवा, त्यावर पोटावर झोपा आणि हाताने वल्हवा. शीड पाण्याबाहेर राहिलं तरच बोर्ड पुढे सरकतो, पाण्यात लोंबकळलं तर ते नांगरासारखं धरून ठेवतं. जमत नसेल तर रिग पाण्यातच जोडलेली राहू द्या, तिच्यामुळे वाहण्याचा वेग कमी होतो, आणि बोर्डवर बसून दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करत राहा. मदत हवी असल्याची ही खूण जगभर चालते. एक हात हलवला तर बोटवाला तुम्हालाही हात हलवून निघून जाईल.

गिरगावात अडकलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. वायव्येचा वारा तिथे तुम्हाला मरीन ड्राइव्हच्या भिंतीकडे नेतो आणि भिंतीच्या पायाशी टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, आहेत. भरतीला लाट तिथे आपटते, मास्ट आणि बोर्ड त्यांच्या फटींत अडकतात आणि माणूस मधे सापडतो. भिंतीवर उभे असलेले लोक हात पुढे करतील, दोर टाकतील, तरी तिथे लागायचं नाही. भिंतीपासून पन्नास-शंभर मीटर लांब राहूनच वल्हवत उत्तरेला, चौपाटीच्या वाळूकडे सरकायचं, आणि ते होत नसेल तर तिथेच बाहेर बोर्डवर बसून बोटीची वाट बघायची. भिंतीवरच्या लोकांना ओरडून एवढंच सांगा की चौपाटीच्या जीवरक्षकांना कळवा.